पाट्याचे बूश : रबर काढून पीयू टाकले, त्याची वर्षभराची नोंद



एरवी या पानावर आपण छाटणी, डिपिंग, टोमॅटोची बांधणी, पाणी यावरच बोलतो. आज गाडीवर लिहितोय. मागं एकदा नुसता फोटो टाकला होता, पिकअपचे जुने फाटलेले रबरी बूश आणि शेजारी नवे पिवळे पीयूचे. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, टाकावेत का, किती खर्च आला, टिकतात का. त्या वेळी उत्तर दिलं नाही. चार दिवसांच्या अनुभवावर औषधाची शिफारस करायची नाही हा आपला नियम, तोच गाडीलाही लावला. आता टोमॅटोचा एक हंगाम आणि द्राक्षाचा एक हंगाम त्या बूशवर निघाला. पावसाळा, थंडी, उन्हाळा तिन्ही झाले. म्हणून वहीत जे आहे ते सांगतो.

गाडीचा विषय शेतीच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. पण बघा, आपण मण्याची साईज येण्यासाठी किती जीव टाकतो. मण्यावरची पावडर पुसली जाऊ नये म्हणून काढणीला बायकांना देठाला धरूनच घड उचला म्हणून दहादा सांगतो. आणि मग तोच माल खडखडणाऱ्या गाडीत टाकून खड्ड्यातून नेतो. रानात सांभाळलेला माल रस्त्यावर गेला तर नुकसान आपलंच.

गंगापूर रोडचं आमचं गणित तर ठरलेलं आहे. टोमॅटो असला की गिरणारे, भाव पडला की रात्रीतून वाशी. गिरणारे, दुगाव, गंगावऱ्हे, गोवर्धन, गंगापूर गाव, आनंदवल्ली करत अशोक स्तंभापर्यंत यायचं म्हटलं तरी अंतर जेमतेम पंधरा-अठरा किलोमीटर. पण शेतातून डांबरीला लागेपर्यंतचा शिवाररस्ता वेगळा, पावसाळ्यातले खड्डे वेगळे आणि शहर जवळ आलं की गतिरोधक वेगळे. टोमॅटोच्या दिवसांत ही वाट दिवसातून दोन-दोन वेळा होते. गाडीच्या खालच्या रबराचं आयुष्य इथं किलोमीटरवर मोजून चालत नाही, हादऱ्यांवर मोजावं लागतं.

बूश म्हणजे काय

ज्यांना माहिती आहे त्यांनी हा भाग सोडून द्या.

आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मधे कुर्चा असते. ती झिजली की हाडाला हाड लागतं आणि जिना उतरताना माणूस ओरडतो. गाडीत लोखंड लोखंडाला जिथं जोडलेलं आहे आणि तरी हललं पाहिजे, अशा प्रत्येक जागी मधे एक रबरी नळी किंवा वाटी असते. तिला बूश म्हणतात. पाट्याच्या कानात असतो, शॅकलमधे असतो, शॉकअपच्या दोन्ही टोकांना असतो, पुढच्या आर्ममधे असतो.

बैलगाडीच्या काळात हे काम वंगण करायचं. आसाला वंगण कमी पडलं की चाक कुरकुरायचं आणि आजोबांना ते अर्ध्या शिवारातून ऐकू यायचं. मोटारीत लोखंडी पिन आणि पितळी बूश, त्यात ग्रीस, असंच पूर्वी होतं. जड ट्रकांना आजही बऱ्याच ठिकाणी आहे. रबर आल्यावर ग्रीस मारायची कटकट गेली, आवाज गेला आणि हादरा मधल्या मधे जिरायला लागला.

मागच्या पाट्याचं काम कसं चालतं तेही समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. पाट्याचा पुढचा कान चेसीला पक्का असतो. मागचा कान मात्र शॅकलला लटकवलेला असतो. गाडीत वजन पडलं की कमान सरळ होते, म्हणजे पाटा लांब होतो. ती वाढलेली लांबी शॅकल मागंपुढं झुलून सामावून घेतो. मागचा आख्खा धुरा जागेवर धरून ठेवायचं कामही पाटेच करतात. म्हणून कानातला बूश सैल झाला की नुसता आवाज होत नाही, धुराच जागेवरून इकडंतिकडं सरकतो.

लक्षणं

आमची पिकअप २०१२ ची. पुढं आर्म आणि स्प्रिंग, मागं पाटे. गेल्या वर्षी आषाढात तिनं बोलायला सुरुवात केली. रिकामी असताना खड्ड्यात मागून खटखट. भरल्यावर आवाज कमी. भरल्यावर आवाज कमी झाला म्हणून बरेच जण निवांत राहतात, पण वजनानं नुसता खेळ दाबला जातो, जात नाही.

दुसरं लक्षण मुलानं सांगितलं. तो रात्री टोमॅटो घेऊन वाशीला जातो. कसारा घाट उतरताना वळणात ब्रेक दाबला की गाडीचं ढुंगण एका बाजूला जातं, मग स्टेअरिंग सावरावं लागतं, असं म्हणाला. शेजारून कंटेनर चाललेला असताना हे झालं की पोटात गोळा येतो, असंही म्हणाला. हे तो माझ्याशी बोलत होता, पण ऐकलं त्याच्या आईनं. तिनं त्याच ठिकाणी सांगून टाकलं, "गाडी नीट होईस्तोवर रातची वाशी बंद. भाव पडला तर पडू द्या."

तिसरं लक्षण, मागच्या टायरची घास एकसारखी नव्हती. हवा बरोबर, तरी एका बाजूचा टायर कडेनं जास्त खाल्लेला.

आमच्या वस्तीवर एसटीच्या डेपोत उभं आयुष्य काढलेले एक तात्या आहेत. निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नाहीत. त्यांना बोलावलं. त्यांनी काही मशीन-बिशीन लावलं नाही. मुलाला आत बसवून पहिल्या गिअरमधे ब्रेक दाबून धरत गाडी वीतभर पुढं, मग रिव्हर्समधे वीतभर मागं, असं चार वेळा करायला लावलं आणि स्वतः बाजूला वाकून पाट्याच्या कानाकडं बघत बसले. प्रत्येक वेळी कान पिनवर टक्क करून आपटत होता. मग पहार घेतली, शॅकलमधे घातली आणि हलकीच उचलली. पिन आणि कानाच्या मधे बोटाच्या पेरानं कळेल इतका खेळ.

"रबर नाय राह्यलं भाऊ हे," तात्या म्हणाले. "नुसता चोथा राह्यलाय."

ही तपासणी कुणालाही घरी करता येते. एक माणूस आत, एक बाहेर आणि एक पहार. गाडी सपाट जागी ठेवा, बाहेरच्यानं चाकाच्या समोर किंवा मागं उभं राहायचं नाही, बाजूलाच राहायचं. एवढं पाळलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

रबर आपल्याकडं लवकर का मरतं

वय झालं हे तर खरंच. पण शेतकऱ्याच्या गाडीत रबराचे वैरी जरा जास्त आहेत.

पहिला वैरी ऊन आणि हवा. हवेतल्या ओझोनमुळं ताणलेल्या रबराला आडव्या बारीक भेगा पडतात. बाहेर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या टायरच्या कुशीवर दिसतात, त्याच.

दुसरा वैरी तेल. डिझेल, ऑईल, साधं ग्रीस नैसर्गिक रबराला लागलं की ते फुगतं आणि भुसभुशीत होतं. गाडी धुतल्यावर खालून डिझेल आणि ऑईलचा फवारा मारायची आपल्याकडं पद्धत आहे. पाट्यांना गंज लागत नाही हे खरं, पण त्याच फवाऱ्यात बूश भिजतात.

तिसरा वैरी आपला द्राक्षवाल्यांचा खास. मोरचूद. तांबं हे नैसर्गिक रबराचं विष आहे. तांब्याचा थोडा अंश जरी लागला तरी रबराचं सडणं वेगानं होतं. म्हणून कच्च्या रबरात तांबं किती चालेल याची मर्यादा ठरवलेली असते. केरळातले रबरवाले पानगळीच्या रोगासाठी आपल्यासारखंच बोर्डो मारतात, पण चिकात तांबं जाणार नाही याची काळजी घेतात. आणि आपण काय करतो? बोर्डोची टाकी पिकअपमधे ठेवतो, ती हिंदकळते आणि निळं पाणी फटीतून थेट मागच्या पाट्यांवर ठिबकतं. आमच्या गाडीच्या डाव्या शॅकलवर निळसर पापुद्रा होता आणि तिथलाच बूश सगळ्यात जास्त खाल्लेला निघाला. फवारणीवरून आल्यावर गाडीच्या खालून साध्या पाण्याचा एक फवारा मारायला दोन मिनिटं लागतात. ती मारा.

चौथा वैरी वजन. याचा हिशोब करून बघा. टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं. ५५ कॅरेट म्हणजे ११०० किलो माल. रिकामं कॅरेट दीड-दोन किलोचं, ते धरलं की ९० किलो आणखी वाढले. म्हणजे ५५ लाच बाराशे किलोच्या जवळ गेलो. आणि बाजारात ७०-८० कॅरेट भरलेल्या पिकअप रोज दिसतात. तिथं रबराला नाव ठेवायचं कारण नाही.

पीयू म्हणजे काय

पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. नाव नवं वाटतं, वस्तू घराघरात आहे. गादीचा फोम, बुटाचा तळ, कंप्रेसरची लवचिक नळी, पॅकहाऊसमधल्या हातगाडीची न वाजणारी चाकं, यातलं बरंच काही पीयूचंच असतं. जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञानं १९३७ मधे याचा शोध लावला. रबर त्याहून जुनं. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरनं १८३९ मधे रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करायची रीत शोधली, तिथून रबर यंत्रात वापरण्याजोगं झालं.

दोघांत फरक काय?

एक, कडकपणा. तो 'शोअर ए' या मापानं मोजतात. गाडीचे रबरी बूश साधारण ५० ते ७० मधे असतात. मोटारीच्या टायरची नक्षी ६०-६५ च्या आसपास. पीयूचे बूश ७० पासून ९५ पर्यंत मिळतात. ९५ म्हणजे नखानं दाबून दबत नाही इतका.

दोन, झीज आणि तेल. घासलं गेल्यावर पीयू रबरापेक्षा कितीतरी कमी झिजतं. ऑईल-डिझेलनं ते रबरासारखं फुगत नाही. ओझोननं भेगाही पडत नाहीत.

तीन, काम करायची पद्धत. हा फरक दुकानदार सांगत नाही. रबरी बूशमधे बरेचदा रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. पाटा हलला की रबर घसरत नाही, ते पिळलं जातं आणि परत सरळ होतं. पीयू चिकटवलेलं नसतं. ते नळीवर फिरतं. फिरतं म्हणजे घासतं, घासतं म्हणजे ग्रीस लागतं. ग्रीस संपलं की करकरतं. रबरामुळं गेलेली वंगणाची कटकट पीयूमुळं थोडी परत येते, हे आधीच मान्य करून पीयूकडं जायचं.

चार, हादरा. रबर बारीक थरथर पिऊन टाकतं. पीयू ती पुढं पाठवतं. कडकपणा जितका जास्त, तितकी थरथर जास्त.

पाच, पाणी. सगळं पीयू एक नसतं. एक जात पॉलीइस्टरची, एक पॉलीइथरची. पॉलीइस्टरची जात दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की आतून तुटते. लग्नासाठी घेतलेला बूट कपाटात दोन पावसाळे ठेवून काढला, चार पावलं चाललो आणि तळ मातीसारखा गळून पडला, हे अनेकांनी बघितलं असेल. तो हाच प्रकार. चिखलपाण्यात चालणाऱ्या गाडीला पॉलीइथरचं पीयू बरं. विकत घेताना हा एक शब्द विचारा. ज्याला माहिती आहे तो लगेच उत्तर देतो.

घरातली चर्चा

मुलाचं म्हणणं, सगळीकडं पीयू टाकू, पुढचंही आणि मागचंही, एकदाच काम. त्यानं मोबाईलवर शर्यतीच्या गाड्यांचे व्हिडिओ बघितलेले. तात्यांचं म्हणणं बरोबर उलटं. "कंपनीनं रबर दिलं ते काय येडे म्हणून दिलं का? रबरच टाक, दोन वर्षांनी परत टाक." मुलाच्या आईचं म्हणणं एवढंच की जे टाकायचं ते टाका, पण घाटात गाडी सरळ चालली पाहिजे.

पैशाचा प्रश्न होताच. श्रावण म्हणजे हातात काही नसलेला महिना. टोमॅटोला तार, सुतळी, मजूर लागलेले, ऑक्टोबर छाटणीची पेस्ट, खतं समोर उभी. त्यात गाडीवर किती घालायचे?

मी दोघांचं ऐकलं आणि बाग बघतो तशी गाडी बघितली. सगळ्या बागेला एकच डोस कुणी देत नाही. जिथं जे कमी आहे तिथं ते द्यायचं. प्रत्येक बूशला एकच प्रश्न विचारला. तुझं मुख्य काम जागा धरून ठेवायचं आहे, की हादरा प्यायचं?

मागच्या पाट्याच्या कानाचं आणि शॅकलचं मुख्य काम धुरा जागेवर धरायचं. तिथं वजन जास्त, चिखल जास्त, निळं पाणी तिथंच. तिथं पीयू.

पुढच्या आर्मच्या बूशचं काम निराळं. चाक खड्ड्यात आदळलं की ते केसभर मागं जाऊ द्यायचं, म्हणजे तो झटका स्टेअरिंग आणि चेसीपर्यंत जात नाही. काही बूशमधे तर यासाठी मुद्दाम पोकळ जागा ठेवलेल्या असतात. भरीव पीयू तिथं घातलं की ते केसभर मागं जाणं बंद होतं आणि सगळा मार आर्म, बोल्ट, चेसीचे कान आणि चालवणाऱ्याचे मनगट खातात. तिथं रबरच, पण चांगलं, कंपनीचं.

केबिन जिथं चेसीवर बसते ते रबर, इंजिनचं फाउंडेशन, यांना हात लावायचा नाही. त्यांचं काम फक्त थरथर प्यायचं आहे.

तात्या म्हणाले, "म्हणजे तुझं पण राह्यलं अन् माझं पण." मी म्हटलं, तात्या, गाडीचं राहिलं.

कडकपणा आम्ही ८० चा घेतला. ९० चे दुकानात तयार होते, ८० साठी चार दिवस थांबावं लागलं. आपल्या सातपूर-अंबड भागात रबराचं आणि पीयूचं काम करणारे छोटे कारखाने आहेत, नमुना दिला तर मापात बनवून देणारेही मिळतात. माप मात्र जुन्या फाटलेल्या बूशवरून देऊ नका. पिनची जाडी आणि कानाचं भोक कॅलिपरनं मोजून द्या.

प्रत्यक्ष काम

आमच्या गाडीत मागं एका बाजूला तीन जागा. पुढच्या कानात एक अखंड बूश, आतल्या नळीसकट. शॅकलला वर एक आणि खाली एक अशा दोन जागा, तिथं अर्धे-अर्धे दोन तुकडे. म्हणजे दोन्ही बाजू मिळून दहा नग.

गॅरेजवाल्याकडं काम केलं, तात्या शेजारी स्टूल टाकून बसले. वहीत लिहून ठेवलेल्या गोष्टी अशा:

गाडी जॅकवर सोडून खाली कुणी गेलं नाही. चेसीखाली दोन्ही बाजूंना घोडी लावली, धुऱ्याखाली वेगळा जॅक. पाट्यात ताण असतो, पिन निघाली की तो उसळतो.

जुना बूश गॅसनं जाळून काढायची घाई करू दिली नाही. जळत्या रबराचा धूर वाईट आणि कान तापला की पाट्याचं पाणी उतरतं. पान्याचा स्क्रू आणि जुनं पाईप लावून दाबून काढला. वेळ लागला, निघाला.

पिना बघितल्या. चारपैकी दोन पिनांना नख अडकेल इतकी खाच. झिजलेल्या पिनवर नवा बूश म्हणजे फाटक्या पोत्यात नवं धान्य. शॅकलच्या प्लेटची भोकंही लांबट झालेली. पिना आणि प्लेटा दोन्ही नव्या घेतल्या.

कानाचं भोक आतून तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं साफ केलं. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी बूश तिरपा बसतो.

पीयूला सिलिकॉनचं ग्रीस लावलं, आतून आणि कडांनाही. गॅरेजमधलं नेहमीचं ग्रीस बाजूला ठेवलं.

रबराच्या बाबतीत एक नियम मात्र सगळ्यांनी लिहून ठेवावा, कारण तो खूप ठिकाणी मोडला जातो. चिकटवलेला रबरी बूश टाकताना गाडी उचललेली असताना नट पूर्ण आवळायचा नाही. हातानं लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची आणि मग आवळायचा. चाक लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्या क्षणापासून रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. पुढच्या आर्मला आम्ही असंच केलं. पीयू फिरतं असल्यामुळं त्याला हा त्रास कमी, तरी मागंही तीच पद्धत ठेवली.

यू बोल्ट काढले होते, ते चारी बाजूंनी आळीपाळीनं आवळले. पाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा बघितले, दोन नट पाव फेरा अजून घेतले. शेवटी पुढचं अलाइनमेंट करून घेतलं.

हिशोब

मागच्या दहा नगांचा पीयूचा संच ३४०० रुपये. तेच रबरी घेतले असते तर ९०० च्या आसपास. पिना आणि शॅकलच्या प्लेटा १६००. पुढच्या आर्मचे रबरी बूश २२००. मजुरी १८००. अलाइनमेंट ४००. एकूण ९४००.

यात पीयूमुळं वाढलेला खर्च फक्त २५०० आहे, हे लक्षात घ्या. बाकीचा खर्च रबर टाकलं असतं तरी होताच. एक मागचा टायर अवेळी जातो तेव्हा याहून जास्त पैसे जातात.

वर्षभर काय दिसलं

पहिल्या दिवशी मुलगा गाडी घेऊन गिरणाऱ्याला जाऊन आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाबा, गाडी मागून चिकटून चालते." खटखट बंद. भरलेल्या गाडीत वळणावर मागचा झोल गेला. त्याच्या आईनं मात्र आठ दिवस वाट बघितली, दिवसा एक वाशी करायला लावली, आणि मग रात्रीची परवानगी दिली. कसारा उतरताना आता दोन हातांनी भांडावं लागत नाही असं तो सांगतो. मला या सगळ्या कामात एवढंच पाहिजे होतं.

तोटाही लिहितो. रिकामी गाडी आधीपेक्षा कडक वाटते. सीटला बारीक थरथर जाणवते. भरल्यावर जाणवत नाही. ज्याची गाडी बहुतेक वेळ रिकामीच फिरते, त्याला हे आवडणार नाही.

पावसाळा संपता संपता करकर सुरू झाली, जुनी लाकडी खाट वाजते तशी. डाव्या बाजूची पिन सैल करून बूश पुसून पुन्हा सिलिकॉन ग्रीस लावलं, बंद झाली. मार्चात एकदा परत लावलं. वर्षातून दोनदा, अर्धा-अर्धा दिवस. ट्रॅक्टरला आपण ग्रीस मारतोच, तसं हेही.

टायरची घास आता दोन्ही बाजूंना सारखी आहे.

द्राक्षाचं सांगतो, कारण ते विचारणारे जास्त होते. या फेब्रुवारीत मी चार फेऱ्यांना कॅरेट जागा बदलून बघितली. नेहमी दिसतं तेच दिसलं, सगळ्यात जास्त मार मागच्या फाळक्याजवळच्या आणि सगळ्यात वरच्या कॅरेटला. मागच्या चाकाच्या मागं लटकणारा भाग जास्त उसळतो आणि थप्पीचा वरचा थर जास्त हलतो, हे कुठल्याही पाट्याच्या गाडीत होणार. बूश बदलून ते जात नाही. कडेला आपटून फुटलेले मणी कमी झाले, कारण गाडी बाजूला डोलायची थांबली. पण बारीक थरथरीनं मण्याला मणी घासतो आणि पावडर जाते, ते पीयूनं कमी होत नाही. त्याला उपाय वेगळे. कॅरेटमधे खाली-वर कागद, घड गच्च न बसवता पण हलणारही नाही असा भरणं, थप्पी पट्ट्यानं आवळणं, नाजूक माल दोन्ही धुऱ्यांच्या मधे ठेवणं, आणि शिवाररस्त्यावर पाय हलका ठेवणं. पीयू टाकलं म्हणून द्राक्षं सुखरूप पोचतात असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे.

कुणी टाकावेत, कुणी टाकू नयेत

गाडी बहुतेक वेळ भरलेली, शिवाररस्ते, चिखल, फवारणीची टाकी, घाट. अशांनी मागच्या पाट्यांना आणि शॅकलला जरूर विचार करावा. ७५ ते ८५ च्या मधला कडकपणा पुरे. ९५ च्या नादी लागू नका.

घरची कार, महिन्यातून चारदा नाशिक. रबरच ठेवा. चांगल्या प्रतीचं, आणि नट गाडी चाकावर असताना आवळलाय ना एवढं बघा.

पिना, प्लेटा, पाट्याचा कान झिजलेला असेल आणि ते बदलायची तयारी नसेल तर पीयूवर पैसे घालू नका. ते रबरासारखं दबून झिजलेली जागा भरून काढत नाही.

वर्षातून दोनदा ग्रीस लावणं होणार नसेल तरी टाकू नका.

रंगावर जाऊ नका. लाल, पिवळा, निळा हा नुसता रंग आहे, कडकपणा त्यावरून कळत नाही. साधं प्लास्टिक रंगवून पीयू म्हणून गळ्यात मारणारेही आहेत. शिकंजात हलकं दाबून बघा. पीयू दबतं आणि सोडल्यावर परत मूळ आकारात येतं. प्लास्टिक दबत नाही, नाहीतर पांढरी रेघ उमटून तसंच राहतं.

आणि ८० कॅरेट भरायचे म्हणून कडक बूश टाकत असाल तर थांबा. बूश कडक केला तरी पाटा तोच, धुरा तोच आणि ब्रेकही तेच असतात. वाढलेलं वजन घाटात ब्रेकला थांबवायचं असतं.

तात्यांनी परवा पुन्हा पहार लावून बघितली. खेळ नाही. "ठीक हाय," म्हणाले, आणि वर सांगितलं, "पण पुढच्या श्रावणात परत बघू." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

जुने बूश मी फेकलेले नाहीत, शेडमधे खिळ्याला लटकवलेत. ज्यांना बघायचेत त्यांनी या. तुमच्या गाडीत कुणी पीयू टाकलं असेल तर कडकपणा किती, किती किलोमीटर झाले आणि करकर कधी सुरू झाली, एवढं जरूर लिहा. सगळ्यांच्या कामी येईल.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी पुढची नोंद बोर्डोच्या टाकीवर लिहीन. गाडीच्या फाळक्याखाली पत्र्याचं पन्हाळं लावून ते निळं पाणी बाजूला काढलंय, त्याचं माप आणि फोटो देतो.

राम राम.